विश्लेषण : ‘सँडबॉक्स’मधल्या ॲपला कर्नलची किल्ली कशासाठी?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी फाइल पाठवली. बघता बघता जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर येऊन अडकले. भारतात इंडिगो, आकासा, स्पाइसजेट या विमान कंपन्यांच्या यंत्रणा कोलमडल्या आणि काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. चूक एका फाइलची होती. ती वाचणारे सॉफ्टवेअर मात्र संगणकाच्या अगदी गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये बसलेले होते. त्यामुळे ते पडताना सगळ्या संगणकालाच घेऊन पडले. बाहेरच्या सॉफ्टवेअरला या गाभ्यात किती शिरू द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून अधिकच ऐरणीवर आला. लिनक्सच्या जगात याच प्रश्नाचे एक वेगळे रूप दिसते. कुंपणात ठेवलेल्या ॲपला कर्नलमध्ये ‘मॉड्यूल’ चढवू द्यायचे का आणि द्यायचे तर कोणाच्या परवानगीने, असा तो पेच आहे.

कर्नल म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क, कॅमेरा या सगळ्यांवर ताबा ठेवणारा कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. आपण वापरतो ते ब्राउझर, व्हिडीओ प्लेअर किंवा बँकेचे ॲप यातले काहीच हार्डवेअरला थेट हात लावत नाही. प्रत्येक ॲप कर्नलकडे मागणी करते आणि कर्नल ती तपासून पुरी करतो किंवा नाकारतो. मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत प्रत्येकाला आपल्या घराची किल्ली असते, पण मीटर रूम, पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांच्या किल्ल्या सोसायटीकडे असतात, तसाच हा प्रकार. एका घरातला फ्यूज उडाला तर त्या घरात अंधार होतो. मीटर रूममध्ये गडबड झाली तर सगळी इमारत अंधारात जाते. ॲप बंद पडले तर ते पुन्हा सुरू करता येते. कर्नलमध्ये चूक झाली तर संगणकच थांबतो.

मग कर्नलमध्ये मॉड्यूल का चढवावे लागते?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल आज काही कोटी ओळींचा झाला आहे. त्यातला मोठा भाग वेगवेगळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरांचा आहे. एका संगणकाला त्यातले मोजकेच लागतात. सगळे ड्रायव्हर कायम मेमरीत ठेवण्याऐवजी त्यांचे स्वतंत्र तुकडे करून ठेवलेले असतात. गरज पडली की तुकडा चालत्या कर्नलमध्ये जोडायचा आणि काम झाले की काढायचा. या तुकड्याला ‘कर्नल मॉड्यूल’ म्हणतात. नवा वायफाय डोंगल लावला की तो लगेच ओळखला जातो, ते यामुळेच.

सगळी मॉड्यूल हार्डवेअरचीच असतात असे नाही. ऑनलाइन बैठकीत खऱ्या कॅमेऱ्याऐवजी संगणकावर तयार केलेले चित्र दाखवायचे असेल, तर लिनक्सवर एक ‘खोटा कॅमेरा’ उभा करावा लागतो. ‘ओबीएस स्टुडिओ’ हे लोकप्रिय सॉफ्टवेअर त्यासाठी ‘व्हीफोरएलटू-लूपबॅक’ या मॉड्यूलवर अवलंबून असते. ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या, एका संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही स्वतःचे मॉड्यूल लागते. ‘वायरगार्ड’ हे व्हीपीएन तंत्रज्ञान मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये सामील झाले. त्याआधी त्याचेही मॉड्यूल वेगळे बसवावे लागत असे.

एकदा जोडलेले मॉड्यूल कर्नलचाच भाग होते. त्याला कर्नलचे सगळे अधिकार मिळतात. ते कोणतीही मेमरी वाचू शकते, कोणतीही प्रक्रिया लपवू शकते. म्हणूनच मॉड्यूल चढवण्याचा अधिकार लिनक्समध्ये सर्वोच्च अधिकारांपैकी एक मानला जातो.

‘सँडबॉक्स’ पॅकेज ही काय भानगड?

पूर्वी लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवले, की त्याच्या फाइली साऱ्या प्रणालीत विखुरल्या जात. वापरकर्त्याला जे दिसते ते सगळे त्या सॉफ्टवेअरलाही दिसे. गेल्या दशकात चित्र बदलले. उबंटूमागच्या ‘कॅनोनिकल’ कंपनीने ‘स्नॅप’ आणले. २०१६ च्या उबंटू १६.०४ पासून ते सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले. ‘फ्लॅटपॅक’ या दुसऱ्या प्रकारालाही त्याच वर्षी हे नाव मिळाले. दोन्हींची कल्पना सारखीच आहे. ॲपला लागणारी सगळी सामग्री एका गाठोड्यात बांधायची आणि ॲप कुंपणात चालवायचे. कॅमेरा हवा, घरच्या फोल्डरमधल्या फाइली हव्यात, तर वेगळी परवानगी. मोबाइलवर ॲप ‘मायक्रोफोन वापरू का?’ असे विचारते, त्याच्याच जवळपासची ही व्यवस्था आहे.

हे कुंपण उभारतो कोण? खुद्द कर्नल. स्नॅप त्यासाठी ‘ॲपआर्मर’ आणि ‘सेककॉम्प’ या कर्नलमधल्याच सुविधा वापरते. ॲपने कोणती फाइल उघडावी हे पहिली ठरवते आणि कर्नलकडे कोणत्या मागण्या कराव्यात हे दुसरी.

पेच नेमका कुठे आहे?

याच मुद्द्यावर. कुंपणाची राखण कर्नल करतो, आणि मॉड्यूल चढले की ते कर्नलचाच भाग होते. म्हणजे कुंपणातल्या ॲपला हवे ते मॉड्यूल चढवण्याची मुभा दिली, तर ते ॲप राखणदारालाच आपल्या बाजूला वळवू शकते. बाकीचे सारे निर्बंध मग कागदावर उरतात. उलट, मुभा अजिबात दिली नाही तर खोटा कॅमेरा, व्हीपीएन, औद्योगिक यंत्रांचे नियंत्रण अशी कामे करणारी सॉफ्टवेअरे कुंपणात नांदूच शकत नाहीत. मग लोक ती जुन्या पद्धतीने, सर्वाधिकार देऊन बसवतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते अधिक वाईट.

उबंटू कोअरमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो. कारखान्यातली गेटवे उपकरणे, जाहिरातींचे डिजिटल फलक अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या या प्रणालीत सगळे काही स्नॅपच्या रूपातच असते, अगदी कर्नलसुद्धा. तिथे ‘जुन्या पद्धतीने बसवा’ हा पर्यायच उरत नाही.

स्नॅपने काय तोडगा काढला?

स्नॅपमध्ये प्रत्येक अधिकारासाठी ‘इंटरफेस’ नावाची जोडणी असते. कर्नल मॉड्यूलसाठी असे दोन मुख्य इंटरफेस आहेत. पहिला ‘कर्नल-मॉड्यूल-कंट्रोल’. तो मिळालेल्या ॲपला मॉड्यूल चढवता, उतरवता आणि तपासता येते. एका अर्थाने ही मीटर रूमची पूर्ण किल्लीच झाली.

दुसरा इंटरफेस ‘कर्नल-मॉड्यूल-लोड’. याचा विचार वेगळा आहे. इथे ॲप स्वतः मॉड्यूल चढवत नाही. आपल्याला कोणती मॉड्यूल हवीत, त्यांची नावे आणि लागणारे पर्याय पॅकेजच्या माहितीफाइलमध्ये आधीच लिहून द्यायचे. ही जोडणी मंजूर झाली की ‘स्नॅपडी’ ही व्यवस्थापक यंत्रणा ती यादी वाचते आणि संगणक सुरू होताना नेमकी तीच मॉड्यूल चढवते. एखादे मॉड्यूल चढू नये, अशी नोंदही करता येते. एन्व्हिडियाच्या ग्राफिक कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर आणि मुक्त ‘नूवो’ ड्रायव्हर एकमेकांच्या आड येतात. अशा वेळी एकाला अडवण्याची सोय कामी येते.

फरक लहान वाटेल, पण महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत ॲपवर विश्वास ठेवावा लागतो. दुसरीत ॲपची मागणी आधीच कागदावर असते. ती कोणालाही वाचता येते आणि यादीबाहेरचे काही चढत नाही. शिवाय मॉड्यूल नावाने मागितले जाते, म्हणजे ते सहसा त्या संगणकाच्या कर्नलसोबत आलेले, वितरकाने तयार केलेले असते. ॲपने आपल्या गाठोड्यातून आणलेले नसते.

तरीही हे दोन्ही इंटरफेस आपोआप जोडले जात नाहीत. ‘कर्नल-मॉड्यूल-लोड’ मागणाऱ्या पॅकेजला स्नॅप स्टोअरची खास मंजुरी लागते. मंजुरी नसेल तर स्टोअरमधून ते बसवताच येत नाही.

बाकीच्यांचे धोरण काय?

फ्लॅटपॅकने हा प्रश्न हातीच घेतलेला नाही. ते मुख्यतः डेस्कटॉपवरच्या ॲपसाठी आहे आणि कर्नल मॉड्यूल ही यजमान प्रणालीची जबाबदारी, अशी त्याची भूमिका. त्यामुळे ओबीएसचे फ्लॅटपॅक बसवले, तरी खोट्या कॅमेऱ्याचे मॉड्यूल वापरकर्त्याला बाहेर वेगळे बसवावे लागते. एन्व्हिडियाच्या बाबतीत तर कुंपणाच्या आतली ड्रायव्हर फाइल आणि बाहेरचे कर्नल मॉड्यूल यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते.

सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या ‘डॉकर’मध्येही प्रत्येक कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो. म्हणून मॉड्यूल चढवण्याचा अधिकार तिथे मुळातच काढून घेतलेला असतो. कोणी मुद्दाम तो दिला, तर कंटेनर आणि यजमान यांच्यातली भिंत नावापुरतीच राहते.

धोका खरा आहे की कल्पित?

क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात कोणताही हल्ला झालेला नव्हता. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला एक भाग २० नोंदींची अपेक्षा करत होता आणि नव्या फाइलमुळे २१ वी नोंद वाचण्याचा प्रयत्न झाला. ती नसल्याने वाचन मेमरीच्या हद्दीबाहेर गेले. साध्या ॲपमध्ये अशा चुकीने फार तर ते ॲप बंद पडले असते. कंपनीने सुमारे सव्वा तासाने, १० वाजून ५७ मिनिटांनी, फाइल मागे घेतली. पण तोपर्यंत बंद पडलेले संगणक सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापुढे बसून दुरुस्ती करावी लागली. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाल्याचे आणि ५० कोटी डॉलरचा फटका बसल्याचे सांगितले. बंद पडलेले संगणक एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

जाणूनबुजून केलेल्या गैरवापराचीही उदाहरणे आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात फसवणूक रोखण्यासाठी कर्नलमध्ये चालणारा एक ड्रायव्हर होता. त्यावर अधिकृत स्वाक्षरी होती. खंडणीखोरांनी तोच ड्रायव्हर उचलला आणि तो खेळ नसलेल्या संगणकांवर चढवून अँटीव्हायरस बंद पाडला, असे २०२२ मध्ये ‘ट्रेंड मायक्रो’च्या संशोधकांनी दाखवून दिले.

वितरकाने दिलेले मॉड्यूल सुरक्षितच असते, असेही नाही. ‘डीसीसीपी’ या फारशा न वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क मॉड्यूलमध्ये एक गंभीर त्रुटी २०१७ मध्ये सापडली. ती सुमारे ११ वर्षे तशीच पडून होती. ज्यांना ते मॉड्यूल कधीच लागले नाही, त्यांच्याही प्रणालीत ते मागणीसरशी चढू शकत होते. म्हणून चढवलेले प्रत्येक मॉड्यूल म्हणजे घराला पाडलेले एक नवे दार, असे सुरक्षातज्ज्ञ मानतात. यादी आधी मागण्याचे महत्त्व इथेच कळते.

स्वाक्षरी आणि स्टोअर पुरेसे नाही का?

मॉड्यूलवरची डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सोय लिनक्समध्ये डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून आहे. नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ ही सुविधा आली. तिच्यामुळे संगणकाच्या मालकालाही चालत्या कर्नलमध्ये सहजी ढवळाढवळ करता येत नाही. ‘सिक्युअर बूट’ चालू असलेल्या उबंटूवर बाहेरचे मॉड्यूल बसवताना पासवर्ड मागणारा आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर किल्लीची नोंदणी करायला सांगणारा पडदा अनेकांनी पाहिला असेल. तो याच साखळीचा भाग आहे.

स्वाक्षरीने मॉड्यूल कोणी बनवले ते कळते. ते निर्दोष आहे का, हे कळत नाही. गेन्शिनच्या उदाहरणातून तेच दिसले. राहिला प्रश्न स्टोअरचा. सप्टेंबर २०२३ मध्ये स्नॅप स्टोअरवर क्रिप्टो वॉलेटच्या नावाखाली बनावट ॲप आढळली आणि कॅनोनिकलला नव्या पॅकेजांच्या नोंदणीसाठी माणसांकडून तपासणी सुरू करावी लागली. मार्च २०२४ मध्ये ती सर्वच नव्या नावांसाठी लागू झाली. ती बनावट ॲप कुंपणातच होती आणि त्यांनी कुंपण तोडलेही नव्हते. वापरकर्त्याने आपणहून टाइप केलेली गुप्त शब्दमाला त्यांनी पळवली. कर्नलच्या बाबतीत अशी चूक झाली तर नुकसान एका वॉलेटवर थांबणार नाही.

दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. संगणक ज्याचा, त्याच्या आधी एका कंपनीचे स्टोअर कर्नलच्या किल्लीवर हक्क सांगते, यावर मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. स्नॅप स्टोअरचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही, ही त्यांची जुनी तक्रार. लिनक्सवर मालकाला धोक्याची सूचना देऊन हवे ते करू देणारे मार्ग अजून शिल्लक आहेत. हा समतोल किती काळ टिकेल, यावर या क्षेत्रात मतभेद आहेत.

विंडोज आणि मॅक कोणत्या वाटेने निघाले?

ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून बाहेरच्या कंपन्यांना कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली. सुरक्षा आणि ड्रायव्हरची कामे ॲपच्या पातळीवरून करता यावीत, अशा पर्यायी सोयी दिल्या. नव्या मॅकवर जुन्या पद्धतीचा कर्नल विस्तार चढवायचा असेल, तर संगणक वेगळ्या अवस्थेत सुरू करून सुरक्षेची पातळी स्वतःहून कमी करावी लागते.

मायक्रोसॉफ्टची वाट इतकी सरळ नव्हती. २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या हमीमुळे सुरक्षा कंपन्यांना आपल्याइतकाच प्रवेश द्यावा लागतो, असे कंपनीने २०२४ च्या गोंधळानंतर सांगितले. स्पर्धेचा न्याय आणि सुरक्षा यांचा इथे थेट संघर्ष होतो. मायक्रोसॉफ्टने सगळ्यांना कर्नलबाहेर काढून स्वतःचे सुरक्षा उत्पादन मात्र आत ठेवले, तर प्रतिस्पर्धी ओरड करणारच. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने सुरक्षा क्षेत्रातल्या भागीदारांची बैठक घेतली, नोव्हेंबरमध्ये नवा उपक्रम जाहीर केला आणि अँटीव्हायरससारखी उत्पादने कर्नलबाहेर चालवण्याची सोय २०२५ मध्ये निवडक भागीदारांना चाचणीसाठी देण्याचे ठरवले.

लिनक्समध्ये ‘ईबीपीएफ’ हा मधला मार्ग २०१४ पासून वाढतो आहे. त्यात छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये चालतो, पण त्याआधी कर्नल तो ओळीओळीने तपासतो. न संपणारे आवर्तन किंवा हद्दीबाहेरचे वाचन दिसले, तर प्रोग्राम नाकारला जातो. प्रत्येक काम या मार्गाने होत नाही आणि तपासणीतही त्रुटी सापडल्या आहेत. तरीही निगराणी आणि नेटवर्कच्या अनेक कामांसाठी आता मॉड्यूलची गरज उरलेली नाही.

मोबाइलवर हा प्रश्न येतो का?

अँड्रॉइडचा कर्नलही लिनक्सच आहे. तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून वेगळे ठेवले जाते आणि प्ले स्टोअरवरच्या ॲपला मॉड्यूल चढवण्याचा मार्गच नाही. बँकेची ॲप ‘रूट’ केलेल्या फोनवर चालायला नकार देतात ते याच कारणाने. रूट केलेल्या फोनवर हे कुंपण शाबूत आहे की नाही, याची खात्री ॲपला देता येत नाही. अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलसह आलेल्या फोनपासून गुगलने सामाईक कर्नल वेगळा केला आणि फोन कंपन्यांचे ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपात बाजूला काढले. कर्नलमधली त्रुटी प्रत्येक कंपनीची वाट न पाहता दुरुस्त व्हावी, हा त्यामागचा उद्देश.

आपण काय ध्यानात ठेवावे?

भारतात लिनक्स आता फक्त हौशी मंडळींपुरता उरलेला नाही. ‘सी-डॅक’ने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली सरकारी कार्यालयांसाठी आहे. केरळमधल्या शाळांत उबंटूवर आधारित प्रणाली चालते. संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये ‘माया’ ही उबंटूवर आधारित प्रणाली स्वीकारल्याचे वृत्त होते. अशा ठिकाणी कोणत्या पॅकेजला कर्नलपर्यंतची जोडणी द्यायची, हा निर्णय शेवटी एखाद्या व्यवस्थापकाच्या हाती येतो.

उबंटूवर ‘स्नॅप कनेक्शन्स’ ही आज्ञा दिली, की कोणत्या ॲपला कोणती जोडणी मिळाली आहे ते दिसते. त्यात कर्नल मॉड्यूलचा उल्लेख असेल, तर त्या ॲपच्या कामाशी तो जुळतो का, हे पाहावे. व्हीपीएन किंवा आभासी कॅमेऱ्याने मॉड्यूल मागणे समजण्यासारखे आहे. नोंदवहीच्या ॲपने ते मागितले तर शंका घ्यावी. ज्या सर्व्हरला सुरू झाल्यावर नवे मॉड्यूल लागतच नाही, तिथे पुढच्या रीबूटपर्यंत मॉड्यूल चढवणेच बंद करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. ती फारशी वापरली जात नाही.

क्राउडस्ट्राइकचे सॉफ्टवेअर त्या संस्थांनी विश्वासाने, स्वतःहून, संरक्षणासाठीच बसवले होते. किल्ली चोराने पळवलेली नव्हती; ती राखणदाराच्याच हातात होती आणि त्याचा पाय घसरला. म्हणून कोणावर विश्वास ठेवायचा, यासोबतच किल्ल्या किती जणांकडे द्यायच्या, हाही प्रश्न विचारावा लागतो. मागणीची यादी आधी लिहून घेणारी स्नॅपची पद्धत त्याचे एक उत्तर देते. ती यादी मंजूर करण्याआधी वाचण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.